तुझा तोच प्रोजेक्ट घेऊन जा

'ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मागच्या वर्षी मायक्रोबायोलॉजीत एमएससी झाले, ७१ टक्के मिळाले. सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या वेळी असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरले, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप थोडक्यात हुकली. पुण्या-मुंबईच्या संस्थांमध्ये पीएचडीला अर्ज करायचाय, पण फॉर्ममधला 'रिसर्च एक्सपीरियन्स'चा रकाना आला की हात थांबतो. आमच्या कॉलेजात मोठी मशिन्स नाहीत. उसाच्या मुळाजवळच्या मातीतून फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वेगळे केले, तेवढंच. बाकीच्या मुलांचे म्हणे एमएससीतच पेपर झालेले असतात. एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं हेतुपत्र, मैत्रिणीची आणलीय, तिच्यात बदल करतेय. इंग्रजी बोलताना अडखळते. आई म्हणते, अजून सहा वर्षं शिकतच राहिलीस तर लग्नाचं काय? बाबा काही बोलत नाहीत, पण खर्चाची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. आत्ता अर्ज करू, की आधी जेआरएफ काढू?'

तुझ्या पत्रातल्या 'तेवढंच' या शब्दापाशी मी थांबले. जेआरएफ, इंग्रजी, घरचे, सगळ्याबद्दल बोलू. पण आधी हा शब्द खोडू, कारण तुझ्या अर्जाचं सगळं वजन जिथे आहे नेमका तिथेच तू तो लिहिला आहेस.

पिकोव्हस्काया अगरची, म्हणजे असे जिवाणू ओळखायच्या माध्यमाची प्लेट डोळ्यांसमोर आण. माध्यम दुधाळ दिसतं, कारण त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट न विरघळता राहिलेलं असतं. त्यावर तू मातीचं डायल्यूशन, म्हणजे पातळ केलेला नमुना, पसरलंस, प्लेटा इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यास आणि काही दिवसांनी मोजक्या कॉलन्यांभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटलं. पट्टी लावून तू ते मोजलंस, आकडे तक्त्यात भरलेस, सगळ्यात मोठं कडं देणारा आयसोलेट, म्हणजे वेगळा केलेला जिवाणू, सर्वोत्तम ठरवलास आणि रिपोर्ट बाइंडिंगला दिलास. असंच झालं ना? एमएससीचे बहुतेक रिपोर्ट इथे संपतात. पीएचडीची मुलाखत इथून सुरू होते.

कडं का पडलं? जिवाणूंनी आम्ल सोडलं म्हणून. कोणतं आम्ल? बऱ्याच जातींमध्ये ते मुख्यतः ग्लुकॉनिक आम्ल असतं. ते कुठून आलं? ग्लुकोजपासून. आता तुझ्या माध्यमाची कृती काढून बघ. लिटरला १० ग्रॅम ग्लुकोज घातलंय. तुमच्या उसाच्या शेतात त्या जिवाणूला एवढं ग्लुकोज कोण देणार? मुळं थोडीफार साखर बाहेर सोडतात, पण ती अशी रेलचेल नव्हे. पुढे जा. तुमच्याकडची माती काळी आहे ना? काळ्या मातीत चुना असतो, चिकणमाती असते. जिवाणूनं सोडलेलं आम्ल ती माती पचवून टाकते आणि पीएच फारसा खाली येत नाही. प्लेटमधल्या माध्यमाला ही बफर क्षमता जवळजवळ नसते. म्हणून प्लेटवर मोठं कडं देणारा जिवाणू शेतात हात टेकू शकतो, आणि हे भारतातल्याच काळ्या मातींवर झालेल्या कामांमधून दिसलेलं आहे. शिवाय काळ्या मातीत फॉस्फेट कॅल्शियमला धरून बसतं, तर कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. मग नुसत्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवर केलेली निवड त्या जांभ्या मातीला लागू पडेल का?

बघ, एका प्लेटमधून किती प्रश्न निघाले. यातल्या एकालाही मोठं मशिन लागलं नाही. तू ज्या संस्थांमध्ये अर्ज करणार आहेस तिथे मुलाखतीला बसलेली माणसं हेच शोधत असतात. ही मुलगी स्वतःच्या हातानं केलेल्या कामाकडे परत वळून बघते का? जे दिसलं त्यावर शंका घेते का? मशिन चालवायला आम्ही महिन्याभरात शिकवतो. शंका घ्यायला शिकवणं फार अवघड आहे.

मी गेली काही वर्षं अशा मुलाखती घेते म्हणून हे इतक्या खात्रीनं सांगतेय. आणि त्याआधी एक मुलाखत मी स्वतः घालवलेली आहे. माझाही प्रोजेक्ट साधा होता, त्याची मला लाज वाटायची. म्हणून त्या काळी ज्याचा बोलबाला होता असा एक विषय मी दोन महिने घोकून गेले. दहा मिनिटं छान बोलले. मग समोरच्या एका वयस्क सरांनी माझाच रिपोर्ट उघडला, एका जेलच्या, म्हणजे रेणू पट्ट्यापट्ट्यांत वेगळे करणाऱ्या प्रयोगाच्या, फोटोवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, 'या लेनमध्ये दोन बँड का आहेत?' तो फोटो मी स्वतः काढला होता. चिकटवलाही मीच होता. दोन बँड आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी परतताना एसटीत मी सारखा तोच फोटो बघत होते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

तेव्हा पहिलं काम हे कर. कॉलेजातल्या मॅडमना भेट आणि विचार की प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे बसू देतील का. तुझे आयसोलेट फ्रीजमध्ये स्लँटवर, म्हणजे नळीतल्या तिरक्या माध्यमावर, जिवंत असतील तर उत्तमच. नेहमीच्या माध्यमाबरोबर ट्रिस बफर, म्हणजे पीएच सहज खाली येऊ न देणारं द्रव्य, घातलेलं माध्यम कर, दोन्हींवर तेच आयसोलेट लाव आणि कडं टिकतं की नाहीसं होतं ते बघ. बहुतेकांचं नाहीसं होईल. एखाद्याचं टिकलं तर तो जिवाणू लाखमोलाचा. कोणाचंच टिकलं नाही तरी तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी खरं आहे: 'मी सर्वोत्तम ठरवलेला आयसोलेट बफरमध्ये निकामी ठरला.' स्वतःचा निष्कर्ष स्वतःच तपासून खोडणारा विद्यार्थी पॅनेलच्या लक्षात राहतो.

'रिसर्च एक्सपीरियन्स'चा रकाना आता सोपा झाला. किती शेतांतून किती नमुने घेतले, किती आयसोलेट मिळाले, प्रत्येक प्रयोग किती वेळा परत केला, कंट्रोल काय ठेवला, काय फसलं, हे साध्या वाक्यांत लिही. 'विविध तंत्रांचा अनुभव' असलं मोघम काही नको. ऑटोक्लेव्ह आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरला असेल तर तसं लिही, नुसता बघितला असेल तर लिहू नको. पेपर नाही म्हणून रकाना रिकामा राहिला तर राहू दे. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारी जर्नल्स आहेत, त्यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नको. तसला पेपर बायोडेटात दिसला की आमचा हात पुढच्या अर्जाकडे जातो.

मैत्रिणीची एसओपी तिला परत दे. 'लहानपणापासूनच मला विज्ञानाची ओढ होती' अशी सुरुवात असलेल्या एसओपी आम्ही इतक्या वाचतो की पहिली ओळ डोळ्यांपुढून आपोआप निसटते. तू सुरुवात त्या प्लेटपासून कर. पहिल्या परिच्छेदात काय केलंस आणि काय दिसलं. दुसऱ्यात, त्यातलं काय पटलं नाही. तिसऱ्यात, आता कोणता प्रश्न धरायचाय आणि त्यासाठी या संस्थेतल्या कोणत्या दोन-तीन जणांचं काम तुला जवळचं वाटतं, कशामुळे. दीड पान पुरे. आधी मराठीत लिही, हवं तर आईला वाचून दाखव. तिला प्रश्न कळला तर लेख जमला. मग इंग्रजीत आण.

आता जेआरएफ. माझं मत स्पष्ट आहे: तिच्यासाठी घरी बसून वर्ष घालवू नको. परीक्षा दे, पण अर्जही करत राहा. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि तू दुसऱ्या गटात आहेस, म्हणजे विद्यापीठांच्या पीएचडी प्रवेशाला तुझे गुण चालतात. तिथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. मात्र हे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष धरले जातात, तेव्हा निकालाची तारीख बघून घे आणि ही संधी वाया घालवू नको. जेआरएफसाठी वय तुझ्या आड येत नाही. मर्यादा ३० वर्षांची असली तरी मुलींना ५ वर्षांची सवलत आहे.

परीक्षेचा अभ्यास मात्र जरा फिरवून कर. लाइफ सायन्सेसच्या २०० गुणांपैकी १०० एकट्या पार्ट सीचे आहेत: ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं तर त्या चारांतला पाव हिस्सा, म्हणजे १ गुण वजा. थोडक्यात हुकणाऱ्या मुली सहसा इथेच हुकतात. ए हा सर्वसाधारण तर्क आणि गणिताचा भाग, बी पाठांतरावर बऱ्यापैकी निभावतं. सी मध्ये प्रयोग दिलेला असतो, आलेख दिलेला असतो, आणि यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही असा प्रश्न असतो. तुझ्या प्लेटवर आत्ता आपण जे केलं तेच. मागच्या प्रश्नपत्रिकांतले सी चे प्रश्न घड्याळ न लावता, एकेका पर्यायाशी भांडत सोडव. वेग मागाहून येतो.

सोबत गेट ही परीक्षाही दे. फेब्रुवारीत असते, गुण तीन वर्षं चालतात. लाइफ सायन्सेसच्या पेपरात केमिस्ट्री सक्तीची आहे आणि उरलेल्यांतले दोन विभाग आपण निवडायचे, तुला बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी सरळ आहेत. मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांची जीवशास्त्राची परीक्षाही बघून ठेव, मुलं तिला 'जेजीबिल्स' म्हणतात. तिच्यात विचार करायला लावणारे प्रश्न जास्त असतात. कोणत्या संस्थेला कोणती परीक्षा चालते आणि नुसत्या पात्रतेवर मुलाखतीला बोलावतात का, हे दरवर्षीच्या जाहिरातीतच नीट वाच. ग्रुपवर कोणी टाकलेल्या मेसेजवर विसंबू नको.

तू नुसतं 'पुण्या-मुंबईच्या संस्था' लिहिलंस. तुझ्या विषयाच्या कुठल्या, ते शोधलंस का? पुण्यात विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची आयसर आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल आहे, पेशींचं काम करणारी एनसीसीएस आहे. आघारकर संशोधन संस्था आहे, जिथे जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांत रस असेल तर गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तर तुझ्या दारात. मातीचा प्रश्न मातीजवळ राहून करता येत असेल तर त्यात कमीपणा कसला?

कारण खरं सांगू का, पीएचडी संस्थेत होत नाही, गाईडच्या हाताखाली होते. मोठ्या फाटकाच्या आत जाऊन पाच वर्षं कुढणारी मुलंही मी पाहिली आहेत आणि साध्या विद्यापीठात भल्या गाईडपाशी सुरेख काम करून बाहेर पडलेलीही. दुरून डोंगर साजरे, तेव्हा जवळ जाऊन बघ.

गाईडला मेल पाठवशील तेव्हा 'रिस्पेक्टेड सर, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे' अशा मेलला उत्तराची अपेक्षा ठेवू नको, कारण तो मेल एकाच वेळी पन्नास जणांना गेलेला असतो हे वाचणाऱ्याला कळतं. त्यांचा अलीकडचा एक पेपर पूर्ण वाच. न समजलेलं बाजूला लिहून ठेव, त्यातली एक शंका निवड. मग सहा-सात ओळी: मी कोण, माझ्या प्रोजेक्टमध्ये हे दिसलं, तुमच्या पेपरमधली ही गोष्ट मला त्याच्याशी जुळणारी वाटली, ही शंका आहे, तुमच्याकडे या वर्षी जागा आहे का. जागा हवी असेल तर तसं विचार, ताकाला जाऊन भांडं लपवू नको. यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा नसणं हे खरोखरचं कारण असू शकतं. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर आणि पुढे चल.

उत्तर आलं तर त्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांना भेट. शक्यतो कॅन्टीनमध्ये, लॅबमध्ये नको. विचार, इथून बाहेर पडलेल्यांना किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत. कोणी मध्येच सोडून गेलं का. पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं. फेलोशिप संपल्यावर सर काही सोय करतात का. गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतात, प्रयोग फसला तर काय बोलतात. सुट्टी मागितली तर? उत्तर देण्याआधी ती मुलं एकमेकांकडे बघतात का, हेही बघ. असं बघणं झालं तर कितीही मोठं नाव असो, मी तरी तिथे जाणार नाही.

'आधी प्रोजेक्टवर ये, मग पीएचडी देतो' असंही कोणी म्हणेल. प्रोजेक्टची जागा ही वाईट वाट नाही, हात तयार होतो, पगार मिळतो, माणसं कळतात. पण नोंदणी केव्हा आणि कोणत्या विद्यापीठात होईल, याआधी अशी किती जणांची झाली, हे रुजू होण्याआधी विचार. उत्तर गोलमाल असेल तर वर्षभरासाठीच जा आणि अर्ज चालू ठेव.

शिफारसपत्र तुझ्या प्रोजेक्टच्या मॅडमकडूनच घे. प्राचार्यांचं नाव मोठं असलं तरी त्यांनी तुला प्लेट ओतताना पाहिलेलं नाही. मॅडमना तीन आठवडे आधी सांग आणि तू केलेल्या कामाची यादी त्यांच्या हातात दे.

इंग्रजीचं मी थोडक्यात सांगते, कारण तू समजतेस तेवढं ते मोठं नाही. पॅनेलला व्याकरण नको असतं, मुद्दा हवा असतो. अडखळलीस तर फळ्याकडे जा आणि आकृती काढ. प्रश्न कळला नाही तर परत विचार. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, पण मी असा विचार करेन' हे वाक्य बिनधास्त म्हण, मात्र पुढे खरोखर विचार कर, मोठ्यानं कर. रोज संध्याकाळी भिंतीपुढे उभी राहून तुझा प्रोजेक्ट पाच मिनिटं इंग्रजीत सांग. पंधरा दिवसांत जीभ सैल होते.

आता आई-बाबा. आईच्या प्रश्नाला 'मला लग्नच नको' असं तोडून उत्तर देऊ नको, तिची काळजी खरी आहे. तिला नियम सांग. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांची. मुलींना २ वर्षांची वाढीव मुदत मिळू शकते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. आणि लग्नामुळे गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याचीही तरतूद आहे. हे कागदावर आहे म्हणून आपोआप मिळतं असं मी म्हणणार नाही, भांडावं लागतं. पण पीएचडी म्हणजे घरादाराला रामराम, असं मुळीच नाही.

बाबांना आकडे दाखव. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफला, म्हणजे तिच्याच पुढच्या टप्प्याला, ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. जेआरएफ नसेल तरी काही संस्था स्वतःची फेलोशिप देतात. विद्यापीठात नोंदणी झाली तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. जाहिरात कधी येते यावर डोळा ठेव. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेअर अशी जी कागदपत्रं लागतात ती आत्ताच काढून ठेव, कारण तहसीलमधला एक दाखला राहिला म्हणून वर्ष गेलेली मुलं मला माहीत आहेत. फेलोशिपचे पैसे रखडतात हेही बाबांना आधीच सांग आणि सुरुवातीच्या चार-सहा महिन्यांचा खर्च कसा भागवायचा ते दोघं बसून ठरवा. फेलोशिपच नसेल आणि गाईड म्हणत असतील 'आधी ये, मग बघू', तर जाऊ नको. संशोधन हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

एक राहिलंच. तुझ्या प्रोजेक्टची वही कुठे आहे? बाइंडिंग केलेला रिपोर्ट नव्हे, ती रोजची वही, जिच्यात तारखा आहेत, खोडाखोड आहे, बुरशी आलेल्या प्लेटांची नोंद आहे. बऱ्याच कॉलेजांत ती जमा करून घेतात आणि कपाट भरलं की रद्दीत देतात. उद्या सकाळीच मॅडमना फोन कर आणि ती मागून घे. मूळ वही देत नसतील तर पानन् पान झेरॉक्स कर, आणि प्लेटांचे मोबाइलमधले फोटो तारखेप्रमाणे लावून ठेव. ती वही हातात आली की मला परत लिही. सगळ्यात मोठं कडं कोणत्या शेतातल्या मातीनं दिलं, ते कळव.